ओल

पॅसडीनात ओल नसते.
वर्षाकाठी पाऊस येतो तो पत्ता चुकल्यासारखा,
म्हणून ओल मी रंगवते.
कॉफीचा चोथा, उकळून काळा केलेला चहा,
चिमूटभर हिरवा,
आणि स्पंज समुद्रातला, खरा.
कारखान्यातल्या स्पंजाची भोकं एकसारखी असतात;
बुरशी इतक्या शिस्तीत चढत नाही.

दर मेमध्ये आमचे ट्रक
टेर्झियनबाईंच्या दारात लागतात.
रस्ताभर जॅकरांडाचा जांभळा सडा.
दोन पोरं तो पहाटेच झाडून काढतात,
कारण आमच्या कथेत नोव्हेंबर चालू असतो.

घर एकच, पर्वं वेगळी.
पहिल्यात इथे दातांचा डॉक्टर राहायचा,
दुसऱ्यात मुक्या मुलींची शाळा होती,
तिसऱ्यात मधमाश्या पाळणारं कुटुंब,
त्यातलं कुणीच शेवटच्या भागापर्यंत टिकलं नाही.
नटनट्या त्याच. इमोजेन आतापर्यंत तीनदा मेली,
दोनदा जिन्यावर, एकदा माळ्यावरच्या पेटीत,
आणि तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत
रक्ताळल्या हातानं माझ्याकडे मीठ मागत होती.

लोकांना वाटतं, भूत म्हणजे चेहरा.
चेहऱ्याला मेकअपवाल्यांचे तीन तास पुरतात.
घराला मला अकरा दिवस लागतात.
भीती आधी भिंतीला धरते,
माणसाचा नंबर मागून.

खरं तर ते घर नको तेवढं निर्मळ.
बाई दर शनिवारी जिन्याचा कठडा
लिंबाच्या तेलानं पुसतात.
आम्ही आलो की बॅग भरून मोटेलात जातात.
भाड्यात छप्पर झालं, एका नातीचं कॉलेज झालं.
मालिका मात्र बघत नाहीत.
"माझ्या स्वयंपाकघरात कोण कुणाला मारतं
ते सांगू नकोस, येसेनिया.
मला तिथे उभं राहून दोल्मा वळायचा असतो."

चौथं पर्व संपलं. सगळं धुतलं,
बुरशी, ओघळ, जळल्याचे काळे फराटे.
भिंतींना सायीचा रंग, दोन हात.
किल्ल्या दिल्या.
बाई खोल्या फिरल्या, आणि बैठकीत थांबल्या,
खिडकीजवळच्या खुर्चीमागे,
भिंतीवर तळवा ठेवून.

"इथे एक डाग होता."

होता. वाटीएवढा, तेलकट,
बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.
तीन पर्वं त्याच्यापुढे कपाट उभं होतं.
यंदा दिग्दर्शकाला ती भिंत हवी झाली,
आणि मी तो माझाच समजून पुसला.

हागोप बत्तीस वर्षं तिथे टेकून पेपर वाचायचे.
जाऊन नऊ झाली.
बाईंनी घर लख्ख ठेवलं,
तेवढी वाटी सोडून.

रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
म्हणाल्या, "तू तर एवढी कलाकार. काढ परत."

रविवारी एकटीच गेले, सगळे डबे घेऊन.
चार थर दिले. वाळवले. पाचवा.
हुबेहूब. कॅमेऱ्याला सहज खपला असता.
बाईंनी नाक भिंतीजवळ नेलं, वास घेतला.
"छान आहे," म्हणाल्या, माझ्या मनासाठी,
आणि कॉफी टाकायला आत गेल्या.

उंची बरोबर आहे का बघावं
म्हणून मी खुर्चीत बसले.
सकाळपासून उभी होते.
मान आपोआप मागे गेली.
ओला रंग केसांना लागला,
एक कड फिसकटली, वरच्या बाजूनं.

उठून पुसणार, तर बाई दारात,
हातात दोन कप.
खूप वेळ भिंतीकडे बघत राहिल्या.
"आता हात लावू नकोस."

पाचव्या पर्वासाठी परवा ट्रक आले.
तिथे पुन्हा कपाट लावलंय, चांगलं जड.
दिग्दर्शक म्हणाला, हलवूया का?
मी म्हटलं, नको.
मागची भिंत ओली आहे.