रकाना : प्राणी

पानिहार मागे पडलं की टोलनाक्यापुढे
दुभाजकाला टेकून पडली होती चिंकारा, मादी.
दातांत अर्धवट चावलेला पाला.
पोटाखाली हात घातला, तर ऊब.
रामहेत म्हणाला, तास झाला नसेल.
ठोकणारा ट्रक एव्हाना
मोहन्याच्या ढाब्यावर चहा पीत असेल.

जीपच्या तापल्या बॉनेटवर कागद ठेवून
रेंजरसाहेबांनी पंचनाम्यावर सही केली.
पुरायला माणसं नाहीत, म्हणाले,
न्या तुमच्या कामाला.

आमचं काम म्हणजे
मेलेल्याच्या वासावर कोण कोण येतं, ते मोजायचं.

करधईच्या खोडाला पट्ट्याने कॅमेरा.
समोर सात पावलांवर ती.
मागचा पाय नायलॉनच्या दोरीने मुळाशी बांधला,
तरस ओढून चौकटीबाहेर नेतं म्हणून.
गाठ मी मारली. चांगली मारते.
दौलतगंजच्या घरी आई
माझ्या या कपड्यांसाठी बादली वेगळी ठेवते.
एम.एस्सी. केलंस ते याच्यासाठी? विचारते,
आणि उत्तराला न थांबता साबण आणून देते.

कॅमेऱ्याला काही कळत नाही.
उबदार काही हललं की तो टिपतो.
त्यामुळे दर कार्डावर पहिला प्राणी आम्हीच:
रामहेतची वाकलेली पाठ,
नाकाखाली बाम लावणारी मी.
ते फोटो आम्ही मोजत नाही.

पाचव्या दिवशी कार्ड काढलं.
संध्याकाळी कावळे, एक मुंगूस.
नऊ बाराला कोल्हा.
आला, हुंगलं, गेला,
पुन्हा आला, दोरीकडे बघत बसला.
कोल्ह्याला दोरी आवडत नाही.
अकरा एक्कावन्नला माणूस.

डोक्यावरून गमछा, चपला काखेत,
हातात विळा.
मागे झुडपात कोल्ह्याचे दोन डोळे,
टाचणीच्या डोक्याएवढे, पांढरे.
त्याने माझी गाठ सोडली नाही.
मोकळा पाय होता, तोच कापला,
खुब्यातून, सांधा माहीत असलेल्या हाताने.
पुढच्या फोटोत हात मागे फेकलेला.
त्याच्या पुढच्या फोटोत
कोल्हा काहीतरी खातोय
आणि माणूस नाही.

मग एक चाळीसचं तरस,
लेन्सला नाक लावलेलं. पडदाभर नुसत्या मिशा.
एरवी यावर आम्ही हसलो असतो.

रामहेतने बोटाने मागे सरकवलं. एकदा. दोनदा.
मग हळूच, आपल्या बोलीत:
जे तो हमाओ सारो है, मॅडम.

चिंकारा पहिल्या अनुसूचीत येते.
तीन वर्षं ते सात. कलम मला पाठ आहे,
मुलाखतीत सांगितलं होतं.
ट्रकवाल्याला काय होतं
ते कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग ते आठवलं.
दोरी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी
तिघऱ्याच्या बांधावर
रामहेतने डबा पुढे केला होता.
घरात पाहुणे आले, बकरा कापला, म्हणाला.
मी दोन तुकडे घेतले. तिसरा त्याने वाढला.
लसूण जास्त होता, मीठ बेताचं,
बकऱ्यापेक्षा मांस जरा गोड.
मी म्हणाले होते, भाभींना सांगा, छान झालंय.

त्याने विचारलं नाही. मीही नाही.
त्याला तेव्हा माहीत होतं की आत्ता कळलं,
हे त्याच्या मानेवरून सांगता येत नव्हतं.

लॅपटॉपवर तक्ता उघडा होता.
तारीख. वेळ. प्राणी. संख्या.
अकरा एक्कावन्नसमोर मी लिहिलं:
कोल्हा. एक.
खोटं नव्हतं ते. होताच तो तिथे.

दुपारी बांधावर बसलो.
रामहेतने डबा काढला,
झाकण उघडलं,
आणि पुढे करण्याआधी
मला दिसेल असा तिरका धरला.
वांगं होतं.