मुकी काळी चार

आमोस लोंढे, तुझ्याबद्दल लिहायचं
तर आधी बोटांवरचा भुसा झटकावा लागतो.
मी मिरजेतला जवारी घासणारा माणूस,
तंबोऱ्याचा एक सूर उघडायला दोन दिवस घेतो.
तू मिनिटात चाळीस उधळून
वर विचारायचास, "कसं वाटलं, हुसेनभाई?"

नर्सेसच्या वसतिगृहात पियानो होता,
कुठल्याशा मडमेनं मायदेशी जाताना ठेवून गेलेला.
तुझी आई मागच्या अंगणात चादरी उकळायची,
तू दुपारच्या ड्युटीची घंटा झाली की आत.
मधल्या सप्तकातली काळी चार मुकी.
दाबली की नुसतं लाकूड बोलायचं, टक्.
दुसऱ्या कुणी ती पट्टी सोडून दिली असती.
तू त्या टक्‌साठी जागा ठेवायला लागलास.

बाप बुधगावच्या बँडात साइड ड्रमवर,
लग्नसराईत घरी फक्त त्याचा लाल कोट दिसायचा.
आज्याची हलगी मात्र बाप्तिस्म्यानंतर खुंटीला.
ती तू रात्री उतरवलीस, चुलीवर शेकलीस,
आणि पास्टरसाहेबांच्या खिडकीत दिवा लागला.
पुढे कुठल्याही मैफिलीआधी
तू हात शेकायचास, पानवाल्याच्या शेगडीवरसुद्धा,
चामडं आणि कातडी तुला वेगळी वाटायची नाहीत.

तेव्हा जंक्शनवर तीन मापांचे रूळ होते.
पादचारी पुलावर कठड्याला टेकून
उजव्या हातात तू ब्रॉडगेज धरायचास, डाव्यात मीटरगेज,
आणि चपलेच्या टाचेत कुर्डुवाडीची छोटी गाडी.
तिन्ही कुठे एकत्र येतात ते मी मोजत बसायचो.
मला सम सापडायची नाही. तुला हसू यायचं.

जॅझ हा शब्द तुला एका पेशंटनं दिला,
फर्नांडिस, ट्रंपेटवाला, फुप्फुसात पाणी झालेला.
फुंकायची बंदी, म्हणून खाटेच्या लोखंडी कडेवर
तो बोटं मांडून दाखवायचा, सातवा सूर कुठे वाकवायचा,
आवाज न करता, सिस्टर झोपल्यात म्हणून.
पावणेतीन महिन्यांत तो गेला.
त्याच्या बुटांचा जोड तुला आला, एक नंबर मोठा.

मग पुण्याचं हॉटेल, मग मुंबईचे स्टुडिओ,
कुणाला घोड्याच्या टापा हव्यात, कुणाला पावसाचे थेंब,
नारळाच्या करवंट्या, साखळी, काड्यापेटी.
तबकड्यांवर तुझं नाव नाही.
"आणि इतर" असं छापलंय, तो तू.

हॅम्बुर्गहून कॅसेट पाठवलीस एकदा.
आम्ही जेवता जेवता लावली.
चांगली धावत होती, आणि मध्येच खड्डा, टक्,
आणि तिकडच्या लोकांच्या टाळ्या.
बायको म्हणाली, इथं कॅसेट खराब आहे.
मी घास हातात धरून बसलो.
इतक्या चांगल्या पियानोवर, सगळ्या पट्ट्या जिवंत असताना,
तू आमच्या वसतिगृहातली मुकी पट्टी वाजवत होतास.

आता परत आलायस. उजवी करंगळी ऐकत नाही.
मासळी बाजारामागच्या खोलीत शिकवतोस,
पाच पोरं, एक कीबोर्ड, एक हलगी.
फी कधी मागत नाहीस, कधी दोनदा मागतोस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय.
वसतिगृह पाडलं तेव्हा तो पियानो भंगारात गेला.
तारांसाठी मी तो उचलला, सात रुपये किलोनं.
काळी चारखाली केसांचा एक आकडा अडकला होता,
कुठल्या नर्सचा कोण जाणे, गंजून चिकटलेला.
चिमट्यानं काढला. वेळ लागला नाही.
पट्टी दाबली.
स्वच्छ वाजली.

आकडा माझ्या कानसांच्या डब्यात आहे.
संध्याकाळी तुझ्या खोलीतून आवाज येतात,
कुणी पोरगी विचारते, "सर, इथं का थांबायचं?"
तू काय सांगतोस ते मला इथपर्यंत ऐकू येत नाही.
मी डबा उघडतो, कानस घेतो,
आणि डबा लावून टाकतो.