फलाण्याची जागा

केपे कोर्टामागच्या आमच्या भाषांतराच्या खोलीतून
कुष्टा वेळीप मे महिन्यात रिटायर झाले
आणि त्यांचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला,
कीबोर्डच्या फटींत सुपारीची भुकटी,
माउसखाली देवळाच्या कॅलेंडरचा पुठ्ठा.
दुरुस्तीवाल्या पोराने सगळं पुसून दिलं होतं,
पासवर्ड, फोटो, कोण कधी कुठे गेलं त्याचा माग.
शॉर्टकट तेवढे विसरला.

सेटिंगमध्ये, सर्च इंजिनाच्या पोटात, अगदी खाली,
जिथे सहसा कुणी उतरत नाही,
तिथे ते होते, जसे सुचले तसे ठेवलेले.
१४ लिहा, स्पेस दाबा, सर्व्हे नंबर द्या,
एक-चौदाचा उतारा समोर.
पो म्हणजे पोर्तुगीज कोश.
क म्हणजे कदंब, सावर्ड्याला शेवटची किती वाजता.
गो म्हणजे गोळ्या, कुठल्या कंपनीच्या स्वस्त.
रक्तदाब असावा. त्यांचा, किंवा बायकोचा.

आणि प्रत्येक पत्त्यात एके जागी
टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटलेला एस.
म्हणजे इथे काहीही येऊ दे,
शब्द, गाव, औषध, मेलेला माणूस.
मला हसू आलं. दिवसभर मी हेच तर वाचते
वाळवीने चाळण केलेल्या दस्तांत,
फुलानु द ताल, अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यावरचा.
आमचाच फलाणा तो.
अरबी मुलखातून निघाला,
त्यांच्याकडे एका वाटेने गेला, आमच्याकडे दुसऱ्या,
आणि केप्याला येऊन
एकाच टेबलावर भेटला.

शेवटचा शॉर्टकट, बो.
उघडला तर निळा नकाशा
आणि जहाजाचं नाव मागणारी चौकट.
कुठलं जहाज, मला काय ठाऊक?
बो, स्पेस,
आणि पुढे मी तशीच बसून राहिले.
दार होतं, उंबरा होता,
नाव ते सोबत घेऊन गेले होते.

मग माझे मी घातले. हवामानाचा नाही,
त्याला खिडकी आहे.
एक जुन्या आडनावांसाठी, पोरोबचा प्रभू कुठे झाला ते बघायला.
एक बोलीकोशासाठी, त्यालाही बो हवं होतं.
हे आधीच वापरात आहे, ब्राउझर म्हणाला.
आहे बाबा, ठाऊक आहे.
मी बोली लिहिलं. एक अक्षर जास्त,
दिवसातून चाळीसदा.

चवथीनंतर ते आले, पेन्शनच्या कसल्याशा सहीसाठी.
साहेब जेवायला गेलेले.
"बाय, मातशें बसूं?"
मी खुर्ची सोडली.
त्यांची बोटं न बघता गेली, बो, स्पेस.
मी रुझालिन फुर्तादोच्या फायलीत डोकं घातलं,
तिच्या आजोबाच्या नावाची तीन स्पेलिंगं,
एकही तिला पटत नव्हतं.
तरी कळांची टकटक कानावर आलीच. नऊ.
मोजली नाहीत, मोजली गेली.
"घरी फोनवर दिसत नाही?"
"दिसता गो. पूण फोनार इतलो व्हडलो दर्या मावना."

निळ्यात एक बारीक त्रिकोण, टोक पश्चिमेला.
त्यांनी पडद्यावर वीत लावून
पुढच्या बंदरापर्यंतचं पाणी मोजलं.
मुलगा धोबीखान्यात आहे जहाजाच्या, म्हणाले,
खालच्या मजल्यावर.
त्याला दर्या दिसतच नसेल फारसा.

सही झाली. उठताना त्यांनी नाव पुसलं,
खुर्ची आत सरकवली, माउसखालचा पुठ्ठा सरळ केला.
मी १४ लिहिलं, स्पेस दाबली,
रुझालिनचा नंबर टाकला.
उतारा आला.
कब्जेदाराच्या रकान्यात
नुसती रेघ.