समासात

नगरपालिकेत मी इतिवृत्त लिहायचो, मोडीत.
मोडीत बोरू उचलत नाहीत,
एकदा सुटली की ओळ कडेपर्यंत धावते.
सिदबा झारेकरी खोकला
की मात्र माझा हात थांबायचा.
खोकला इतिवृत्तात कसा घ्यायचा
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कोलारच्या खाणीतनं आलेला. अकरा वर्षं
पिंजऱ्यातून दोन हजार फूट खाली,
मेणबत्ती टोपीला, टोपी घामाला चिकटलेली.
"सोनं तिथं दिसतच न्हाई गा," म्हणायचा,
"दगड दिसतोय. सोनं सायबाला दिसतं,
वर, कागदावर."

दरबारनं त्याला सभासद नेमला त्या दिवशी
वकील, सावकार, निवृत्त मामलेदार
एकेक खुर्ची सरकले.
त्यानं पायताणं बाहेर काढली
आणि दाराजवळची जागा धरली,
खाणीत वारा येतो तिथं बसतात तशी.

वर्षभर बोलला नाही.
मग गुजरीतल्या गटाराचा ठराव आला:
फरशी घालून बंद करावं. पटकीनं
त्या गल्लीतली सात पोरं गेलेली.

ते गटार म्हणजे त्याच्या भावकीचं शेत.
सोनारांचा केर, भट्टीची राख, कानशीची भुकटी
सगळं तिथं उतरायचं,
आणि पहाटे त्याच्या चुलत्या, भावजया
परातीत चिखल धूत बसायच्या.
महिन्याला गुंजभर. नशीब असलं तर दीड.

अध्यक्ष म्हणाले, आपली हरकत असेलच.
सिदबा उठला. खोकला. बराच वेळ.
पंख्याची दोरी ओढणारा पोऱ्यासुद्धा थांबला.
"त्या सातात एक माझ्या भणीचं हाय.
घाला फरशी.
पण आमच्या वीस घरांस्नी कामावर घ्या,
झाडूवर नको, नळाच्या खात्यात, पगारी."

पहिलं म्हणणं मंजूर झालं.
दुसरं मी समासात लिहिलं,
बारीक अक्षरात, पुढे कधीतरी विचारार्थ.

भावकीनं त्याचं पाणी तोडलं. बहिणीनंही.

फरशी पडायच्या आदल्या रात्री
महाद्वाराकडून घरी चाललो होतो.
गटारात कंदील दिसला.
सभेचा कोट खांबाला टांगून, पोटऱ्याभर घाणीत,
माननीय सभासद परात फिरवत होते,
मनगट हलकं, पोरवयात शिकलेलं.

मला बघून लाजला नाही.
"शेवटची पाळी," म्हणाला.
परातीच्या कडेला काहीतरी चमकलं,
कंदीलही असेल.

"उद्या सभा किती वाजता?"
तीनला, मी म्हणालो.
"येतो. हात धुऊन येतो."