सात मिनिटं, एकेचाळीस सेकंद

ल लोक्लमध्ये जानेवारीत उजेडसुद्धा रजेवर असतो.
अशाच एका दुपारी ओत्तोरीनो ब्रेसान आला,
तोरिनोहून, तीन गाड्या बदलून.
दाराशी बुटांवरचं बर्फ झटकलं
आणि आतल्या खिशातून काढला
लहान मुलाचा लोकरी मोजा.
मोज्यात घड्याळ, गुलाबी सोन्याचं.

"पॉलिश करायचं नाही,"
हे त्याचं पहिलं वाक्य, नमस्काराच्याही आधीचं.

संग्राहक सगळे असेच.
सोनं काय, सोनाराकडेही मिळतं.
वेळ तर स्टेशनवर फुकट लावलेली असते.
हा नऊ वर्षं मागावर होता ते वेगळ्याच कशाच्या:
कडा बघा, म्हणाला, अजून बोटाला बोचतात.
शिक्क्यातल्या बाईचं नाक बघा, शाबूत आहे.
तबकडी जुन्या लोण्यासारखी पिवळी पडलेली,
आणि एका आकड्यापाशी डाग,
त्याचं तो इतकं कौतुक करत होता
की मला माझ्या हातांवरचे डाग आठवले.

मग आवाज खाली आणून म्हणाला,
"आणि हे."

मधला लांब काटा एकेचाळिसावर थांबलेला.
छोट्या वर्तुळातला सातावर.
कोणीतरी कधीतरी काहीतरी मोजलं,
वरची कळ दाबून थांबवलं,
आणि खालची कळ दाबायचं राहून गेलं.
किंवा दाबवलं नाही.

कोण, ते माहीत नाही. लिलावात आलेलं, मागचं नाव पुसलेलं.
शर्यत, शस्त्रक्रिया, फोनवरचं भांडण,
ओत्तोरीनोकडे अकरा शक्यतांची वही आहे.
"जसं आहे तसंच परत हवं," म्हणाला.
"सात, एकेचाळीस."

मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला हो म्हणायचं असतं.

तो गेल्यावर मागचं झाकण उघडलं.
आत सुईनं कोरलेल्या खुणा,
आधीच्या कारागिरांच्या, त्रेपन्न, एकसष्ट,
आणि अठ्ठ्याहत्तरखाली एक वाकडा 'म',
माझ्या बापाचा.
म्हणजे त्यानं हे उघडलं होतं. धुतलं होतं. तेल दिलं होतं.
आणि काटे शून्यावर आणल्याशिवाय
हे यंत्र उघडतच नाही कोणी.

भिंग डोळ्यावरून काढलं.
पुन्हा लावलं.

मलाही आणावे लागले.
खालची कळ. खट्.
वही, अकरा शक्यता, सगळं एका झटक्यात बारावर.

तीन आठवड्यांनी घड्याळ बरं झालं.
काटे सात-एकेचाळीसवरच बसवून टाकता आले असते,
पण मग शून्य खोटं झालं असतं,
आणि खोट्या शून्याचं घड्याळ माझ्या बाकावरून जात नाही.
तेव्हा एकच मार्ग: वरची कळ दाबायची
आणि थांबायचं.

पहिल्यांदा चौथ्या मिनिटाला फोन वाजला.
दुसऱ्यांदा समोरच्या द्रोझांच्या छपरावरून
बर्फाची अख्खी लादी घसरली, मी बघत राहिले,
काटा निघून गेला पुढे.
तिसऱ्यांदा काहीच झालं नाही.
कॉफीवर साय धरली.
रस्त्यावर एक पोरगं फावडं ओढत गेलं.
बापाचा 'म' वाकडा का, ते आठवलं:
त्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला होता,
आणि मी शेजारच्या स्टुलावर, दहा वर्षांची,
काही विचारायचं नाही, असं मला बजावलेलं.
सात. एकोणचाळीस. चाळीस.
कळ.

ओत्तोरीनो शनिवारी आला.
घड्याळ आधी कानाला लावलं, मग खिडकीपाशी नेलं.
"तेच," म्हणाला. "अगदी तेच ते."
डोळे भरून आले होते त्याचे.

बिल दिलं. तेवढ्यात सांगून टाकावं वाटलं.
पण तो मोज्यात घड्याळ सरकवत होता,
इतक्या हलक्या हातानं,
झोपलेल्या पोराचा पाय असावा तसा.

मी फक्त म्हटलं, रोज चावी द्या.
आत माझी खूण आहे, 'म'च्या खाली.
पुढचा कोणी झाकण उघडेल
त्याला काय समजायचं ते समजेल.