सतरा पायऱ्या

यॉर्कटनला बाहेर उणे चौतीस.
अंगणात गाडी विजेच्या वायरीला बांधलेली,
इंजिन गोठू नये म्हणून.
मी स्वयंपाकघरात, मोज्यांवर मोजे चढवून,
बेटावरचं वाचनालय उघडते.

उघडते म्हणजे, दार नाहीच त्याला.
पहिल्याच आठवड्यात एक ड्रॅगन चौकटीत अडकला,
सॉरी सॉरी म्हणत राहिला बिचारा.
मग दार काढलं, मागोमाग छप्परही;
तिथे पाऊस आपण सांगितला तरच पडतो.

तिथे माझे गुडघे दुखत नाहीत.
केस तेवढे पांढरेच ठेवलेत,
ग्रंथपालावर विश्वास बसायला हवा लोकांचा.

लोक विचारतात, उडताना थांबायचं कसं?
विचारतात, स्वच्छतागृह कुठे? (मी गंभीरपणे नकाशा देते.)
आणि एकदा एक जांभळा कोल्हा:
आई मला ओळखत नाही आता,
कुठून वाचायला घेऊ?
त्याची शेपूट हलत होती. ती आपोआप हलते,
तिला काही कळत नाही.
मी तीन पुस्तकं दिली, एक फोन नंबर,
आणि टाइप केलेलं एक वाक्य
न पाठवता खोडलं.

जिना मात्र मी हट्टाने बांधला.
सगळे उडून वर जातात.
ब्रेंट होल्याक सभेत म्हणाला, डोरीन, जिना कशाला गं?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकच जण चढतो. ऑस्विन, लाकडी हातांचा,
तिकडे न्यूझीलंडात त्याची संध्याकाळ असते.
एकेक पायरी.
वर्षभर मी मनात त्याच्यासाठी रचत गेले
एक अपघात, एक इस्पितळ, एक चाकांची खुर्ची.
शेवटी न राहवून विचारलंच.
"पाय? ठणठणीत आहेत," तो म्हणाला, "पोस्टमन आहे मी.
पण थोडा वेळ लागल्याशिवाय
वर आलो असं वाटत नाही."
मी माझी खुर्ची मनातल्या मनात घडी करून ठेवली.

मार्चअखेर बेटाचं भाडं संपतंय.
समितीने आकडे मागितलेत:
किती आले, किती थांबले, काय नेलं.

काल पहाटे कोल्हा परत आला.
काही विचारलं नाही.
चाळीस मिनिटं बाकावर बसून राहिला,
मीही शेजारी, उगाच.
'सेवेचा प्रकार' या रकान्यात मी लिहिते: बाक.
खोडते.
पुन्हा लिहिते, जरा मोठ्या अक्षरात.