अर्धा तास मागे

आमचं गाव सिडनीच्या राज्यात,
घड्याळ मात्र ॲडलेडचं.
रूळ आधी त्या बाजूनं आले, खाणीतलं शिसं
आधी त्या बाजूला गेलं,
आणि शिशाच्या डब्यात बसून
वेळही गेली असावी तिकडंच.
ब्रोकन हिलला याचं नवल नाही.
किती वाजले म्हटलं की माझे वडील विचारतात, कुठले?

आज मात्र नवल आहे.
सिडनीची मुदत बारापर्यंत, पण सिडनीच्या बारापर्यंत,
म्हणजे आमच्या साडेअकरापर्यंत.
ॲडलेडला अजून अर्धा तास पुढं.
टॅमसिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दोन पानं उघडी,
जानेवारीची रात्र, पंखा नुसता
गरम हवा इकडून तिकडं ढकलतोय.

जोडपदवी. भूशास्त्र आणि कायदा.
सिडनी म्हणतं, आधी तीन वर्षं खडक, कायदा मग.
ॲडलेड म्हणतं, पहिल्या दिवसापासून दोन्ही कालवून.
कालवलेलं पचेल का गं, मी म्हटलं.
नर्स तू आहेस, ती म्हणाली, तूच सांग.

वहीत तिनं रकाने आखलेत.
खोलीचं भाडं. शिष्यवृत्ती. पाच वर्षं की साडेपाच.
ॲडलेड: गाडीनं पाच तास, कांगारू आडवा आला नाही तर.
सिडनी: रेल्वे आठवड्यातून एकदा.
शेजारची ड्रागित्सा सांगून गेली, सिडनीला समुद्र आहे.
ॲडलेडलाही आहे. पण तिच्या हिशेबी तो समुद्र धरत नाहीत.
शेवटच्या रकान्याला नाव नाही.
त्यात एवढंच: आजोबा खोकतात.
खोडलंय, आणि शेजारी पुन्हा लिहिलंय.

दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून निवडता आलं असतं,
पण या पोरीला दगडच हवाय.

मी काय सांगणार.
मी दवाखान्यात लहान मुलांच्या बोटाला सुई टोचते,
थेंबभर रक्तात शिसं किती, ते बघायला.
आयांना सांगते, झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा,
खिडकीची चौकट विसरू नका.
टॅमसिनचं बोटही मीच टोचलं होतं. दोन वर्षांची होती.
आकडा घरात कुणाला सांगितला नाही.
कार्ड शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.

अकरा एकोणतीस. तिनं सिडनीच्या पानावर बोट नेलं.
डाव्या हाताचं मधलं. तेच.
अकरा तीस.
पान करडं झालं, बाकी काही नाही.
सिडनीत उद्या लागला होता.

मला राग आला. कायदा शिकणार
आणि मुदत चुकवणार?
चुकली नाही, सोडली, ती म्हणाली.

मग बराच वेळ फक्त पंखा.
मग ती म्हणाली, एकवीस.
काय एकवीस?
बटण शोधत होते, आठवीत असताना. शाळेच्या सदऱ्याचं.

मी खुर्ची ओढली नाही, उभीच राहिले.
ती माझ्याकडं बघतही नव्हती.
मातीत काय आहे ते मला वाचायचंय, म्हणाली,
आणि ते तिथं कुणी राहू दिलं, तेही विचारायचंय.
दोन्ही एकाच दुपारी सुरू झालं, आई,
आधी खडक, मग कायदा, असं नव्हतं झालं.

तू रागावली नाहीस तेव्हा, मी विचारलं.
रागावले होते, ती म्हणाली. बटण लावलं.

मी फडकं ओलं केलं
आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसायला घेतलं,
वहीखाली, कोपऱ्यात, तिच्या कोपराभोवती.
ॲडलेडचं बटण तिनं कधी दाबलं
ते मला दिसलं नाही.

आतल्या खोलीतून खोकला, थांबून पुन्हा खोकला,
मग वडिलांचा आवाज: किती वाजले?

टॅमसिननं मान वर न करता विचारलं,
कुठले?